सव्वीस टक्क्यांचे सत्य

पेट्रोलचे भाव वाढले की मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत काही ठरावीक वस्तूंना गिऱ्हाईक वाढते. इंधनाच्या नळीभोवती बसवायचे चुंबक, इंजिनात हवा शिरते त्या तोंडाशी लावायची पात्यांची चकती, टाकीत टाकायची गोळी, पाण्याचे विघटन करून निघालेला वायू इंजिनाला पुरवणारी बाटली, अशी त्यांची नाना रूपे. प्रत्येकीच्या वेष्टनावरचे आश्वासन मात्र एकच असते : गाडी तीच, रस्ता तोच, पण इंधन कमी. हे आश्वासन नवे नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग याच्या कार्ब्युरेटरने गॅलनमागे दोनशे मैल गाडी पळते, असा बोलबाला झाला होता. पोगला पेटंटेही मिळाली. पण पेटंट हा कल्पना नवी असल्याचा दाखला असतो, ती खरी ठरल्याचा नव्हे. स्वतंत्र चाचणीत दोनशे मैलांचा आकडा कधीच सिद्ध झाला नाही. तेल कंपन्यांनी तो शोध दडपला, ही दंतकथा तेवढी मागे उरली.

यंत्रांच्या इतिहासात याहूनही मोठा दावा करणारा एक माणूस पोगच्या आधी होऊन गेला. इंधनातील सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता कामी लावता येईल, असे त्याने कागदावर मांडले होते. त्याच्या काळातल्या वाफेच्या इंजिनांना दहा टक्केही जड जात होते. तो दावाही जसाच्या तसा खरा ठरला नाही. पण हा माणूस आपला दावा घेऊन कारखान्यात गेला, चार वर्षे त्याच्याशी झुंजला आणि शेवटी त्याचे यंत्र एका प्राध्यापकाच्या मोजमापाखाली उभे राहिले. त्या मोजमापातून जे उरले, त्यावर पुढची शंभर वर्षे जगातील जहाजे, ट्रक, आगगाड्या आणि शेतावरचे पंप चालले. भारतातील प्रत्येक पेट्रोल पंपावर त्याचे आडनाव लिहिलेले असते. रुडॉल्फ डिझेल हे त्याचे नाव.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे बव्हेरियातले. वडील थिओडोर यांचे घराणे ऑग्सबर्गचे. ते पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचा व्यवसाय करीत. कमाई बेताची होती. वडिलांच्या कारखान्यात तयार झालेला माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. उरलेल्या वेळात त्याची पावले शहरातील तंत्रविद्येच्या संग्रहालयाकडे वळत. अठराव्या शतकात क्युन्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने बनवलेली वाफेवर चालणारी अवजड गाडी तेथे ठेवलेली होती. जुन्या यंत्रांची रेखाटने करीत हा मुलगा तेथे तासन्‌तास रमत असे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे हालअपेष्टांना तोटा नव्हता. बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईवडिलांनी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडले. त्याचे तेथील पालक क्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरात मुलाला शिस्त मिळाली, पुस्तके मिळाली आणि मुख्य म्हणजे दिशा मिळाली. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून अभियंता होण्याचा निश्चय कळवला. मुलाने लवकर कमावते व्हावे, ही घरची अपेक्षा होती. पण त्याने वर्गात पहिला क्रमांक सोडला नाही. १८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्याने म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला.

नव्वद टक्के कोठे जातात?

म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. शीतकरण यंत्रांच्या क्षेत्रातील हे मोठे नाव. उष्णता आणि कार्य यांच्या संबंधावर लिंडे व्याख्याने देत. अशाच एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की, उत्तम वाफेचे इंजिनसुद्धा इंधनातील उष्णतेचा सहा ते दहा टक्के भागच कामात रूपांतरित करते. बाकीची उष्णता वाया जाते. वर्गातल्या इतरांनी ही माहिती वहीत उतरवून घेतली असेल. रुडॉल्फने वहीच्या समासात स्वतःसाठी एक टिपण केले. फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये मांडलेले आदर्श उष्णता-चक्र प्रत्यक्ष यंत्रात आणता येईल का, याचा शोध घ्यायचा, अशा अर्थाचे ते टिपण होते. त्या टिपणाने पुढे त्याचे सारे आयुष्य व्यापले.

इंधन वाचवण्याच्या साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. उष्णतेतून मिळणारे काम हे यंत्राच्या आत वायू किती तापतो आणि बाहेर पडताना किती तापलेला राहतो, या दोहोंतील अंतरावर अवलंबून असते, असे कार्नोने दाखवले होते. म्हणजे इंधन जळत नाही म्हणून वाया जाते, असे मुळीच नाही. ते जळते, पण त्यातून निघालेली उष्णता धुराड्यातून आणि यंत्राच्या तापलेल्या अंगातून निसटते. आजच्या मोटारीलाही हेच लागू पडते. सुस्थितीतील आधुनिक पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये शिरलेले जवळजवळ सगळे इंधन जळते. न जळता बाहेर पडणारा वाटा एक-दोन टक्क्यांच्या घरातला असतो. ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर जाते आणि तेवढीच इंजिन थंड ठेवणारे पाणी घेऊन जाते. इंधन अधिक चांगले जाळून पंचवीस टक्के बचत करण्याचे वचन देणारी वस्तू त्या एक-दोन टक्क्यांतून पंचवीस टक्के काढू पाहते. पाण्यातून वायू काढणाऱ्या बाटलीची गोष्टही तशीच. पाण्याच्या विघटनासाठी लागणारी वीज शेवटी इंजिनच निर्माण करते आणि मिळालेला वायू जाळून त्या विजेइतकेही काम परत मिळत नाही.

रुडॉल्फला विशीतच हे उमगले होते. इंधनाला काही चिकटवून किंवा त्यात काही मिसळून भागणार नाही. उष्णतेचे कामात रूपांतर होते ती क्रियाच बदलावी लागेल, अशी त्याची धारणा झाली.

बर्फाच्या कारखान्यातून इंजिनाकडे

विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा लांबली. मधल्या काळात स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात त्याने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. १८८० च्या जानेवारीत तो सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला आणि लिंडे यांच्या शीतकरण व्यवसायात काम करण्यासाठी पॅरिसला परतला. वर्षभरात तो तेथील कारखान्याचा प्रमुख झाला. पारदर्शक बर्फ तयार करण्याच्या पद्धतींची पेटंटे त्याने घेतली. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी झाली.

नोकरी उत्तम होती; पण समासातले टिपण त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. शीतकरणात अमोनियाचा वापर होई. त्याच अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहण्याचा त्याने प्रयत्न केला. या प्रयोगांत झालेल्या स्फोटात तो मरता मरता वाचला. कित्येक महिने त्याला रुग्णालयात काढावे लागले आणि प्रकृतीच्या तक्रारी कायमच्या मागे लागल्या. १८९० मध्ये लिंडे यांच्याच कामासाठी तो सहकुटुंब बर्लिनला गेला. अमोनियाची वाट सोडून त्याने साध्या हवेचा विचार सुरू केला तो याच सुमारास.

त्याची कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची आणि दट्ट्याने ती इतकी दाबायची की, दाबाने ती स्वतःच लालभडक तापेल. मग त्या तापलेल्या हवेत इंधन हळूहळू सोडायचे. ते ठिणगीवाचून आपोआप पेट घेईल. हवा जितकी अधिक दाबली जाईल, तितका उष्णतेचा अधिक भाग कामी येईल. १८९२ च्या फेब्रुवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मंजूर झाले. त्याच वर्षी त्याची पुस्तिका प्रसिद्ध झाली. वाफेच्या इंजिनाची आणि तोवर ज्ञात असलेल्या सर्व ज्वलन-इंजिनांची जागा घेणारे तर्कशुद्ध उष्णता-इंजिन, असा तिचा विषय होता. पस्तिशीही न गाठलेल्या माणसाने लिहिलेली ही पुस्तिका म्हणजे वाफेच्या युगाला दिलेले आव्हानच होते.

ऑग्सबर्गची चार वर्षे

पुस्तिकेतला मूळ बेत हवा अडीचशे वातावरणे इतक्या दाबापर्यंत नेण्याचा होता. त्या काळच्या धातूकामाला हे झेपणारे नव्हते. ऑग्सबर्ग यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिश फॉन बुझ यांनी आधी नकार कळवला. रुडॉल्फने आकडे खाली आणले, दाब चव्वेचाळीस वातावरणांवर उतरवला, तेव्हा कोठे बुझ प्रयोगाला तयार झाले. पाठोपाठ पोलाद उद्योगातील क्रुप कंपनीनेही भांडवल पुरवण्याचा करार केला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले प्रायोगिक इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवून त्यात इंधन सोडण्यात आले. प्रचंड आवाज झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. यंत्र चालले नव्हते. पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते, हे त्या स्फोटाने निर्विवाद सिद्ध केले. पुढचे काही महिने दुरुस्त्यांत गेले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले. ते मिनिटभरच चालले आणि त्याचा वेग मिनिटाला अठ्ठ्याऐंशी फेरे एवढाच होता.

याच काळात रुडॉल्फच्या ध्यानात एक अवघड गोष्ट आली होती. पुस्तिकेत मांडलेली ज्वलनाची पद्धत जशीच्या तशी वापरली, तर इंजिनाच्या घर्षणावर मात करण्याइतकेही काम हाती लागत नव्हते. तापमान स्थिर ठेवून इंधन जाळण्याचा मूळ आग्रह सोडून देणे भाग होते. त्याने तो सोडला आणि १८९३ च्या अखेरीस बदललेल्या पद्धतीसाठी दुसऱ्या पेटंटचा अर्जही केला. मूळ सिद्धान्त टिकला नाही, हे उघडपणे सांगण्याचे मात्र त्याने टाळले. पेटंटाचा पाया डळमळेल आणि भांडवलदार पाठ फिरवतील, ही भीती त्यामागे असावी. त्याच्यातला संशोधक कार्यशाळेत दररोज स्वतःला दुरुस्त करीत होता आणि त्याच्यातला विक्रेता बाहेर जुनेच आकडे मिरवत होता. या दुहेरीपणाची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

दाबलेल्या हवेत तेवढ्याच जोराने इंधन कसे शिरवायचे, हा सर्वांत चिवट प्रश्न होता. पेट्रोल, रॉकेल, वायू असे नाना प्रकार वापरून झाले. अखेर वेगळ्या पंपाने अधिक दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधनाचे तुषार सिलिंडरात सोडण्याची युक्ती साधली. चार वर्षांत इंजिन पुनःपुन्हा मोडून नव्याने बांधले गेले. १८९६ मध्ये तिसरे यंत्र तयार झाले. त्याच्या सिलिंडरचा व्यास अडीचशे मिलिमीटर होता आणि दट्ट्याची धाव चारशे मिलिमीटर होती.

तो १७ फेब्रुवारी

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकच्या तंत्रविद्यालयातील प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर ऑग्सबर्गला आले. इंजिनाच्या यशात त्यांचा वाटा नव्हता आणि अपयशात तोटाही नव्हता. इंजिनाच्या आसावर किती शक्ती मिळते आणि तेवढ्या वेळात किती इंधन खर्ची पडते, या दोनच गोष्टी त्यांनी काटेकोरपणे मोजल्या. मिनिटाला सुमारे एकशे चोपन्न फेऱ्यांच्या वेगाने इंजिनाने जवळपास अठरा अश्वशक्ती दिली. तासाला एका अश्वशक्तीमागे दोनशे अडतीस ग्रॅम इंधन लागले. हिशेब मांडल्यावर कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के.

कागदावरचे सत्तर टक्के आणि यंत्राचे सव्वीस टक्के. एका नजरेने पाहिले तर हा पराभव होता. दुसऱ्या नजरेने पाहिले तर तोवर जगातील कोणत्याही उष्णता-इंजिनाने एवढ्या काटकसरीने इंधन वापरले नव्हते. वाफेच्या इंजिनाला त्याच कामासाठी अडीचपट किंवा त्याहून अधिक उष्णता लागत होती. त्याच वर्षी जूनमध्ये कासेल येथे जर्मन अभियंत्यांच्या संमेलनात रुडॉल्फ आणि श्र्योटर यांनी हे निष्कर्ष मांडले आणि युरोपभर खळबळ उडाली.

त्या दिवशी वापरलेली रीत आजही कोणत्याही इंधनबचतीच्या दाव्याला पुरेशी आहे. मोजणारा त्रयस्थ हवा, भार आणि वेग ठरलेला हवा, इंधन मोजून घातलेले हवे आणि दुसऱ्या कोणालाही चाचणी तशीच करून पाहता यायला हवी. रस्त्यावरच्या अनुभवात यातले काहीच नसते. नवे उपकरण बसवलेला चालक नकळत सौम्यपणे गाडी हाकतो, चाकांतील हवा तपासतो, टाकी काठोकाठ भरून आकडे लिहून ठेवतो. गर्दीचा आठवडा सरून मोकळा आठवडा येतो, हवामान बदलते. लिटरमागे दीड-दोन किलोमीटरचा फरक एवढ्यानेच पडतो आणि त्याचे श्रेय चुंबकाला मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून अशी शंभराहून अधिक उपकरणे आणि इंधनात घालायची द्रव्ये तपासली आहेत. थोडाफार फायदा दाखवणारी त्यांत अगदी मोजकी निघाली. बहुतेकांनी काहीच बचत केली नाही आणि काहींनी गाडीचा धूर तेवढा वाढवला.

लक्ष्मी आली आणि गेली

चाचणीनंतर रुडॉल्फच्या दारी परवान्यांसाठी रांग लागली. अमेरिकेतील बिअर उद्योजक अडॉल्फस बुश याने तेथील हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. स्कॉटलंडमधील कंपनीनेही हक्क घेतले. १८९८ मध्ये ऑग्सबर्ग येथे स्थापन झालेल्या कंपनीने त्याचे सारे हक्क पस्तीस लाख मार्कांना विकत घेतले. हातगाडीवरून चामड्याच्या वस्तू पोहोचवणारा मुलगा चाळिशीत कोट्यधीशांच्या पंक्तीला जाऊन बसला.

पण प्रयोगशाळेतील इंजिन आणि बाजारातील इंजिन यांत मोठे अंतर होते. केम्प्टन येथील काड्यापेटीच्या कारखान्यात बसवलेल्या पहिल्या व्यापारी इंजिनाने नाना तक्रारी उभ्या केल्या. परवाने घेतलेल्या कारखान्यांनाही हे यंत्र नीट साधेना. इंजिने परत येऊ लागली. ऑग्सबर्गमध्ये खास उभारलेला इंजिन कारखाना फसला. दुसरीकडे पेटंटाचे वाद पेटले. इंग्लंडमधील हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० मध्येच जड तेलावरच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. शोधाचा पहिला मान कोणाचा, यावर पुढे बरीच शाई खर्ची पडली. या ताणाने रुडॉल्फचे मन आणि शरीर दोन्ही खचले आणि १८९८ च्या शरद ऋतूत त्याला आरोग्यधामात राहावे लागले.

तो सावरला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे मांडलेले एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. वनस्पती तेले आज किरकोळ वाटली तरी उद्या महत्त्वाची ठरू शकतील, असा विचार त्याने पुढे १९१२ मध्ये मांडला. १९०३ मध्ये त्याच्या इंजिनावर चालणारी जहाजे नद्यांतून आणि कालव्यांतून फिरू लागली. १९१२ मध्ये डेन्मार्कच्या सेलांडिया या जहाजाने दूरच्या सागरी प्रवासाला सुरुवात केली आणि वाफेच्या युगाचा अस्त स्पष्ट दिसू लागला.

इंजिनाचे भाग्य उजळत असताना निर्मात्याचे मावळत होते. म्युनिकमध्ये त्याने बांधलेला प्रासादतुल्य बंगला अफाट खर्चाचा होता. जमिनींच्या व्यवहारात त्याने मोठी रक्कम गमावली. तेलाच्या विहिरींतील गुंतवणूकही बुडाली. एका-एका ग्रॅम इंधनाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला घरच्या जमाखर्चाचा ताळमेळ कधी घालता आला नाही. भांडवलदार आणि कामगार यांच्यात सहकार्य असावे, अशी मांडणी करणारे त्याचे १९०३ मधील पुस्तक वाचकांनी जवळजवळ दुर्लक्षिले. मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर उत्पन्नाचा तो झराही आटला.

त्यातच जुना दुहेरीपणा उलटला. १९१२ च्या अखेरीस बर्लिनमध्ये जहाजबांधणी तज्ज्ञांच्या संस्थेपुढे त्याने आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत सांगितली. तेव्हा नामांकित प्राध्यापकांनी त्याच्यावर कठोर टीका केली. प्रत्यक्षात आलेले इंजिन आणि १८९३ च्या पुस्तिकेतील इंजिन यांत साम्य उरलेले नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुढच्याच वर्षी आखेनच्या योहान्नेस ल्यूडर्स या प्राध्यापकाने डिझेल नावाच्या मिथकावर अख्खे पुस्तक लिहिले. टीकेत असूया होती, तसा सत्याचा अंशही होता. वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतःच तो फरक मोकळेपणी मांडला असता, तर शत्रूंच्या हाती हे शस्त्र लागले नसते.

ड्रेस्डेन बोटीवरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी रुडॉल्फ अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या बोटीवर चढला. इंग्लंडमधील कंपनीच्या कामासाठी तो दोन सहकाऱ्यांसह निघाला होता. तिघांनी एकत्र जेवण घेतले. रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीकडे गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. रात्रीचा पोशाख नीट काढून ठेवलेला होता. डेकच्या कठड्याशी त्याची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खवळलेल्या पाण्यामुळे खलाशांनी अंगावरच्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले.

निघण्यापूर्वी त्याने पत्नीला एक बॅग देऊन ती आठवडाभर न उघडण्यास सांगितले होते. तीत वीस हजार मार्क रोख आणि बँक खाती जवळजवळ रिकामी असल्याचे दाखवणारे कागद निघाले. रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेखाली एक फुली होती. युद्धाच्या तोंडावर घडलेल्या या मृत्यूभोवती हेरांच्या आणि तेलसम्राटांच्या कारस्थानांच्या कथा रचल्या गेल्या. पुरावे मात्र कर्जाने पिचलेल्या माणसाच्या आत्मघाताकडे अधिक झुकतात. त्याचे वय पंचावन्न होते.

मागे उरलेला हिशेब

रुडॉल्फच्या हयातीत त्याचे इंजिन मोटारीत बसण्याजोगे झाले नव्हते. ते फार अवजड होते. १९२० च्या दशकात जर्मनीत ट्रक आले. १९२७ मध्ये बॉशने इंधन सोडणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि हवेच्या झोताची अडगळ गेली. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही मोटार बाजारात आली. इंधनबचतीची ही अशी वाट होती. चार दशके अनेक कारखान्यांतील माणसे एकेक टक्का मिळवत गेली. आज मोठ्या जहाजांवरील संथ गतीची डिझेल इंजिने इंधनातील निम्म्या उष्णतेचे कामात रूपांतर करतात. त्या दाव्यातील सत्तर टक्के त्यांनीही गाठलेले नाहीत.

महाराष्ट्राशीही या शोधाचे नाते जुळले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि वीज न पोहोचलेल्या शिवारांत विहिरीवरचे पंप डिझेल इंजिनावर धडधडू लागले. १९९८ च्या अखेरीस टाटांची पुण्यात तयार झालेली इंडिका ही मोटार आली आणि डिझेलवरची स्वतःची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जपानमधील उद्योजक मागोकिची यामाओका याने लहान डिझेल इंजिनांवर आपला उद्योग उभारला आणि कृतज्ञता म्हणून १९५७ मध्ये ऑग्सबर्गच्या उद्यानात रुडॉल्फच्या स्मरणार्थ शिलोद्यान करून दिले.

एकविसाव्या शतकात डिझेलच्या नावाला काळिमा लागला तोही दावा आणि मोजमाप यांच्यातील दरीमुळेच. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी प्रयोगशाळेतील चाचणीत स्वच्छ ठरत होत्या. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हा आकडे कित्येक पटींनी वेगळे निघाले. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीला लबाडी मान्य करावी लागली. चाचणी सुरू आहे हे ओळखून धूर कमी करणारी आज्ञावली जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवलेली होती. डिझेल मोटारींची सद्दी त्यानंतर ओसरत गेली.

रुडॉल्फ डिझेलचा मोठेपणा त्याच्या सिद्धान्तात शोधू गेल्यास निराशा पदरी येते. सत्तर टक्क्यांचा माणूस म्हणून तो पोगच्या पंक्तीला बसला असता आणि चमत्काराची आशा बाळगणाऱ्यांनी त्याच्याही नावाने दंतकथा रचल्या असत्या. तो वेगळा ठरला तो ऑग्सबर्गच्या त्या चार वर्षांमुळे. फुटलेले उपकरण, मिनिटभर फिरलेले चाक, सोडून द्यावा लागलेला आवडता सिद्धान्त, हे सारे पचवून त्याने यंत्र मोजमापापुढे उभे केले आणि जेवढे खरे होते तेवढे जगाला मिळाले. सत्तर टक्के त्याच्यासोबत समुद्रात बुडाले. सव्वीस टक्क्यांवर जग चालले.